७.०७ म्हणजे किती टक्के? ठाण्यातल्या एका बीकॉम विद्यार्थिनीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधलं हे प्रकरण. विद्यार्थिनी तृतीय वर्ष बीकॉमची. राहायला कळव्याला, कॉलेज ठाणे स्टेशनजवळ. पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागलेला, सहाव्याची परीक्षा तोंडावर आलेली. ऐरोलीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नव्या पदवीधरांची भरती निघाली आणि प्लेसमेंट सेलने फॉर्मची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली. अट एका ओळीची होती: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे किमान ६० टक्के. दहावी-बारावीला तिला सत्तरच्या वर होते, तिथे काही प्रश्न नव्हता. पदवीच्या रकान्यात मात्र ती अडली. रकाना टक्के मागत होता आणि मार्कशीटवर टक्के छापलेले नव्हते. पेपरवार गुण होते, श्रेणी होती, क्रेडिट (म्हणजे प्रत्येक पेपरला ठरवून दिलेलं वजन) होते आणि खाली दहापैकी पॉइंटर. पाच सेमिस्टरचा मिळून तिचा पॉइंटर, म्हणजे सीजीपीए, ७.०७.

तिने ग्रुपवर विचारलं तेव्हा चार उत्तरं आली. एकाने सरळ दहाने गुणलं: ७०.७. दुसरीने मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट टाकला, त्यात ९.५ ने गुणून ६७.१७ आलं होतं. इंजिनीअरिंग केलेल्या कुणाच्या तरी दादाने ०.७५ वजा करून मग दहाने गुणायला सांगितलं: ६३.२. चौथी म्हणाली, पाचही सेमिस्टरचे गुण मिळव आणि एकूण गुणांनी भाग. तसं केल्यावर आले ५९.४१.

तीन उत्तरांनी ती पात्र ठरत होती, चौथ्याने अपात्र. फॉर्म बंद व्हायला अजून चार दिवस होते.

प्रथम वर्षाला गणित आणि संख्याशास्त्र मी तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली, हातात पाच मार्कशीटच्या झेरॉक्स. "मॅडम, यातलं खरं कुठलं?" सोयीचा आकडा समोर तयार होता, बहुतेकांनी तोच भरला होता, तरी ती खरा आकडा विचारायला आली, याचं मला फार कौतुक वाटलं. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव मुद्दाम दिलेलं नाही.

पाचव्या सेमिस्टरची मार्कशीट

पाचपैकी पाचव्या सेमिस्टरची मार्कशीट आम्ही आधी उघडली, कारण त्यात क्रेडिटचा फरक स्पष्ट दिसतो. प्रत्येक पेपर १०० गुणांचा. श्रेणीगुण म्हणजे श्रेणीला मिळणारा दहापैकी आकडा.

| विषय | क्रेडिट | गुण | श्रेणी | श्रेणीगुण | क्रेडिट × श्रेणीगुण |
|---|---|---|---|---|---|
| फायनान्शिअल अकाउंटिंग | ४ | ५८ | बी प्लस | ७ | २८ |
| कॉस्ट अकाउंटिंग | ४ | ४९ | सी | ५ | २० |
| कॉमर्स | ३ | ६४ | ए | ८ | २४ |
| बिझनेस इकॉनॉमिक्स | ३ | ५४ | बी | ६ | १८ |
| प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कर | ३ | ६१ | ए | ८ | २४ |
| एक्स्पोर्ट मार्केटिंग | ३ | ७१ | ए प्लस | ९ | २७ |
| एकूण | २० | ३५७ | | | १४१ |

१४१ भागिले २० म्हणजे ७.०५. हा झाला त्या सेमिस्टरचा एसजीपीए. इंजिनीअरिंगची मुलं याच आकड्याला एसजीपीआय म्हणतात, हिशोब तोच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमधलं सूत्रही हेच आहे: प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले श्रेणीगुण, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत.

मी तिला हा हिशोब स्वतः करायला लावला. पहिल्या फटक्यात तिने सहा श्रेणीगुणांची बेरीज केली, ४३, आणि सहाने भागलं: ७.१७. मार्कशीटवर ७.०५ छापलेलं, म्हणून तिला वाटलं छपाईत चूक आहे. चूक नव्हती. चार क्रेडिटच्या दोन्ही पेपरांतले तिचे आकडे, ७ आणि ५, नेमके त्या सरासरीच्या खाली होते. साध्या सरासरीत कॉस्टिंगचं वजन एक्स्पोर्ट मार्केटिंगइतकंच धरलं जातं. क्रेडिट धरून केलेल्या सरासरीत ते जास्त भरतं. पाच सेमिस्टर ती या मार्कशीट पाहत आली होती आणि क्रेडिटचा रकाना तिने कधी वाचलाच नव्हता. तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. प्रवेशाच्या दिवशी मुलांना फी, ओळखपत्र, ग्रंथालय हे सगळं सांगितलं जातं. क्रेडिट म्हणजे काय हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

सीजीपीएचा हिशोब त्यामानाने सोपा निघाला. बीकॉमच्या सीबीसीएस (क्रेडिटवर आधारलेली निवड पद्धत) अभ्यासक्रमात प्रत्येक सेमिस्टरला २० क्रेडिट होते, त्यामुळे सगळ्या सेमिस्टरचं वजन सारखं. तिचे पाच एसजीपीए ६.७५, ७.०५, ७.२०, ७.३० आणि ७.०५. बेरीज ३५.३५, भागिले पाच, ७.०७. ज्या अभ्यासक्रमात सेमिस्टरनुसार क्रेडिट बदलतात तिथे अशी थेट सरासरी चालत नाही. प्रत्येक एसजीपीएला त्याच्या क्रेडिटने गुणूनच बेरीज करावी लागते.

पायऱ्या

गुणांचे श्रेणीगुण कसे होतात, हा या प्रकरणाचा गाभा आहे. मुंबई विद्यापीठाच्या सीबीसीएस पद्धतीत ८० आणि त्यापुढे 'ओ', म्हणजे १०. ७० ते ७९.९९ ला ९. ६० ते ६९.९९ ला ८. ५५ ते ५९.९९ ला ७. ५० ते ५४.९९ ला ६. ४५ ते ४९.९९ ला ५. ४० ते ४४.९९ ला ४. चाळीसच्या खाली शून्य.

हा एक जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. चाळीस ते साठ या टप्प्यात दर पाच गुणांना एक श्रेणीगुण वाढतो. साठनंतर दहा गुण मिळवावे लागतात तेव्हा एक वाढतो. ऐंशीच्या पुढे कितीही मिळवा, १० च्या वर काही नाही. सगळ्यात मोठी उडी तळाला आहे: ३९ ला शून्य आणि ४० ला ४. चार क्रेडिटच्या पेपरात हा एक गुण १६ क्रेडिट-पॉइंटांचा (क्रेडिट × श्रेणीगुण) असतो, २० क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ०.८० चा. केटी लागलेल्या, म्हणजे एखादा पेपर मागे राहिलेल्या मुलाचा पॉइंटर का कोसळतो हे यातून कळतं. आणि तो पेपर सुटेपर्यंत त्याचे क्रेडिटही हातात येत नाहीत.

आता टक्क्यांचा प्रश्न. तिच्या पाचव्या सेमिस्टरची श्रेणी होती ७, ५, ८, ६, ८, ९. मी तिला म्हटलं, हीच श्रेणी ठेवून कमीत कमी किती गुण असू शकतात ते लिही. ५५, ४५, ६०, ५०, ६०, ७०. बेरीज ३४०, म्हणजे ५६.६७ टक्के. आता जास्तीत जास्त. ५९, ४९, ६९, ५४, ६९, ७९. बेरीज ३७९, म्हणजे ६३.१७ टक्के. असे गुण असणाऱ्या दोन्ही मुलींच्या मार्कशीटवर खाली छापलेलं असेल ७.०५. एक साठच्या बरीच खाली, एक साठच्या बरीच वर.

ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे पॉइंटरवरून टक्के काढताच येणार नाहीत." बरोबर. गुणांवरून श्रेणीकडे जाताना माहिती गळते आणि उलट्या दिशेने परत येत नाही. कुठलंही सूत्र फार तर अंदाज देईल. हे एकदा पटलं की चार उत्तरांचं भांडण मिटतं: पहिली तीन उत्तरं अंदाज आहेत, चौथं मोजणी आहे.

मग ९.५ आलं कुठून?

अंदाजातही चांगला-वाईट असतो, म्हणून हे पाहायला हवं. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात तिथे निकाल सीजीपीएत लागत असे आणि टक्क्यांचा अंदाज काढायला मंडळाने हा गुणक दिला होता. तिथल्या पायऱ्या सारख्या होत्या: ९१ ते १०० ला १०, ८१ ते ९० ला ९, ७१ ते ८० ला ८, ६१ ते ७० ला ७. नऊला ९.५ ने गुणलं की ८५.५, म्हणजे ८१ ते ९० च्या बरोबर मध्ये. आठला गुणलं की ७६, तेही जवळपास मध्येच. त्या जिन्यासाठी गुणक चपखल होता.

तोच गुणक मुंबईच्या जिन्याला लावून पाहा. सगळ्या पेपरांत ६१ मिळवणाऱ्या मुलाचा पॉइंटर ८. सूत्राने ७६ टक्के. सगळ्यांत ७९ असतील तर ९ आणि ८५.५, सगळ्यांत ८० असतील तर १० आणि ९५. एका गुणाच्या फरकाने साडेनऊ टक्के. आणि सगळ्या पेपरांत बरोबर ४० मिळवून पास झालेल्या मुलाला हेच सूत्र ३८ टक्के देतं, म्हणजे नापास करतं. मधल्या पट्ट्यात, जिथे आपली बहुसंख्य मुलं असतात, ते भरमसाट फुगवतं. नेमक्या याच मुलांना ६० ची अट आडवी येते.

०.७५ वजा करायचं सूत्रही हवेतून आलेलं नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यता-पुस्तिकेत एक कोष्टक आहे: ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.२५ ला ६५, ७.७५ ला ७०, ८.२५ ला ७५. सूत्र त्यातून निघतं. तंत्रशिक्षणाच्या संस्थांसाठी ते कोष्टक आहे. कळव्याच्या बीकॉमच्या मुलीला ते लागू करायला कुठलाच आधार नाही.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर यातलं काही विचारत नाहीत. कुठलं विद्यापीठ, कुठला अभ्यासक्रम, मार्कशीटच्या मागे कुठलं कोष्टक छापलंय, काही नाही. आकडा टाका, आकडा घ्या. परदेशी शिकायला जाणाऱ्यांचंही असंच होतं: ७.०७ ला दहाने भागून चारने गुणलं की २.८३, आणि तेच चारपैकीचं जीपीए म्हणून अर्जात लिहिलं जातं. अमेरिकेत 'ए' ला ४, 'बी' ला ३, 'सी' ला २ असे वेगळेच टप्पे असतात. तिथली विद्यापीठं पेपरवार मार्कशीट पाहून ठरवतात, किंवा मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागतात. स्वतः भागाकार करून त्यांना आकडा देऊ नये.

वडिलांचा प्रश्न

संध्याकाळी तिच्या वडिलांचा मला फोन आला. ते स्वतः बीकॉम, नव्वदच्या दशकातले. त्यांचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, फर्स्ट क्लास आहे का नाही, एवढंच सांगा."

प्रश्न जुना वाटला तरी चुकीचा नव्हता. कंपनीच्या अटीतले ६० टक्के हे फर्स्ट क्लासचेच ६० आहेत. 'थ्रूआउट फर्स्ट क्लास' ही अट टक्क्यांच्या काळात तयार झाली आणि पॉइंटरच्या काळात तशीच पुढे आली. मुंबई विद्यापीठाने श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) आणि श्रेणी पद्धत २०११-१२ पासून आणली, सीबीसीएस २०१६-१७ पासून. इतकी वर्षं झाली, पण भरतीचे फॉर्म तयार करणाऱ्यांनी रकाना बदललेला नाही. मुलांनी भाषांतर करायचं आणि चुकलं तर मुलांनीच निस्तरायचं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी प्लेसमेंट सेलमध्ये तोंडावर बोललेही आहे. ज्याला ६० टक्के हवेत त्याने कशाचे ६० हे लिहायला पाहिजे: एकूण गुणांचे, शेवटच्या वर्षाचे, की विद्यापीठाने दिलेल्या रूपांतराचे. एक ओळ जास्त लागेल.

वडिलांना मी सांगितलं, की पाच सेमिस्टरच्या एकूण गुणांवर ती साठच्या किंचित खाली आहे, आणि अजून एक सेमिस्टर बाकी आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग जे आहे तेच भरू दे."

कंपनीला पत्र

तिने त्याच रात्री कंपनीच्या एचआरला मेल केला. मसुदा तिचा, मी फक्त लांबी कमी केली. त्यात तिने लिहिलं, की माझा सीजीपीए ७.०७ आहे, विद्यापीठाच्या मार्कशीटवर टक्केवारी दिलेली नाही, एकूण गुणांवर ती ५९.४१ येते; आपण कोणती धरता? पाचही मार्कशीट जोडल्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं. विद्यापीठाने अधिकृत रूपांतर दिलं असेल तर ते दाखवावं, नसेल तर सगळ्या सेमिस्टरचे एकूण गुण धरू. आता ५९.४१ भरा, मुलाखतीला या. रुजू होताना अंतिम निकालावर ६० पूर्ण झालेले हवेत.

उत्तर सभ्य होतं आणि स्पष्ट होतं. एक मेल केला तर असं उत्तर मिळू शकतं, हे वर्गातल्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

मुलाखत ऐरोलीत झाली. तिची निवड झाली, वरच्या अटीवर.

दोन ध्येयं, दोन अभ्यास

सहाव्या सेमिस्टरचा हिशोब आम्ही मांडला तेव्हा मलाही हे प्रकरण खऱ्या अर्थाने रंजक वाटू लागलं. पहिल्या चार सेमिस्टरला सात-सात पेपर, म्हणजे ७०० गुण. शेवटच्या दोघांना सहा-सहा पेपर, ६०० गुण. पदवीचे एकूण ४०००. तिचे गुण ३९८, ४११, ४२४, ४३० आणि ३५७, बेरीज २०२०. साठ टक्क्यांना २४०० हवेत. म्हणजे सहाव्या सेमिस्टरला ६०० पैकी ३८०. पाचव्यापेक्षा २३ जास्त.

हे तेवीस गुण कुठून आणायचे? पॉइंटर वाढवायचा असता तर उत्तर वेगळं असतं. पाचव्या सेमिस्टरचा तक्ता पुन्हा पाहा. कॉस्टिंगला ४९ ऐवजी ५० असते तर एका गुणाने चार क्रेडिट-पॉइंट वाढले असते. इकॉनॉमिक्सला ५४ ऐवजी ५५, आणखी तीन. फायनान्शिअल अकाउंटिंगला ५८ ऐवजी ६०, आणखी चार. एकूण चार गुण जास्त, आणि एसजीपीए ७.०५ वरून ७.६०. टक्के मात्र ५९.५ वरून फक्त ६०.१७.

याउलट कॉमर्स ६४ वरून ६९, कर ६१ वरून ६९, एक्स्पोर्ट ७१ वरून ७९ नेले, तर एकवीस गुण वाढतात, टक्के ६३ होतात आणि एसजीपीए जागचा हलत नाही. सातच्या पुढे तेच ०.०५.

शिवाय वजनाचा फरक. एकूण गुणांच्या टक्क्यांत क्रेडिटला किंमत नसते. पहिल्या दोन वर्षांत फाउंडेशन कोर्स दोन क्रेडिटचा आणि बाकीचे तीन-तीन क्रेडिटचे, तरी सगळे पेपर शंभर गुणांचेच. पॉइंटरसाठी फाउंडेशन कोर्स हलका. टक्क्यांसाठी अकाउंट्सच्या बरोबरीचा. मुलं फाउंडेशन कोर्सला आदल्या रात्री बसतात, कारण 'दोनच क्रेडिट'. तिचेही दोन वर्षांत त्या पेपरात कधी साठ झाले नव्हते. ते गुण आता परत येणार नव्हते, पण २०२० च्या बेरजेत त्यांची तूट दिसत होती.

म्हणून तिचा अभ्यास आम्ही टक्क्यांच्या बाजूने लावला. जिथे गुण सहज वाढतील तिथे वाढवायचे, पायरी असो-नसो. थिअरीच्या पेपरांत तिची उत्तरं त्रोटक असायची. कॉमर्स, कर आणि एक्स्पोर्टमध्ये ती लांबी आणि उदाहरणं वाढवू शकत होती. कॉस्टिंगमध्ये प्रक्रिया खर्चाची गणितं तिला जमत, पण वेळ पुरत नसे. तिथे तिने घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. हे तिचं तिने ठरवलं. मी फक्त प्रत्येक पेपरापुढे दोन रकाने आखून दिले होते: इथे पाच गुण वाढले तर पॉइंटर किती, टक्के किती.

निकाल

सहाव्या सेमिस्टरला तिला मिळाले: फायनान्शिअल अकाउंटिंग ६२, कॉस्टिंग ५४, कॉमर्स ६६, इकॉनॉमिक्स ५७, कर ६५, एक्स्पोर्ट ७४. बेरीज ३७८. एसजीपीए ७.६०, सहा सेमिस्टरचा सीजीपीए ७.१६.

एकूण गुण २३९८. टक्के ५९.९५.

दोन गुण. तिने कॉस्टिंग आणि इकॉनॉमिक्सच्या उत्तरपत्रिकांची झेरॉक्स मागवली, रीव्हॅलला, म्हणजे पुनर्मूल्यांकनाला टाकलं. बदल झाला नाही. ५९.९५ ला ६० म्हणता येईल का, असं तिच्या वडिलांनी विचारलं. एका दशांश स्थळापर्यंत घेतलं तर ते ६०.० होतं, दोन स्थळांपर्यंत ५९.९५ च राहतं. कंपनीने दोन स्थळं धरली. त्यांच्या जागी मी असते तर पाचव्याच्या ५९.५ वरून सहाव्याच्या ६३ वर आलेल्या मुलीला घेतलं असतं. पण अट त्यांनी आधी लेखी सांगितली होती आणि ती सगळ्यांना सारखी लावली, हे मान्य करावं लागतं.

सारखी लावली हे कळलं ते दुसऱ्या एका मुलामुळे. त्याच वर्गातला, पाच सेमिस्टरचा सीजीपीए ७.२०. त्याने ९.५ ने गुणून ६८.४ भरले होते. त्याचीही निवड झाली होती. कागदपत्रं तपासताना एकूण गुणांवर ५८ च्या घरात टक्के निघाले आणि ऑफर रद्द झाली. कारण लिहिलं होतं 'अर्जातील माहिती जुळत नाही'. त्याने खोटं बोलायचं म्हणून ते भरलं नव्हतं. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवला होता. तरी पुढच्या प्रत्येक अर्जात 'यापूर्वी ऑफर रद्द झाली आहे का' या प्रश्नापाशी तो अडखळतो. तिला मात्र त्याच एचआरने 'पुढच्या भरतीत अट बदलली तर कळवू' असं आपणहून लिहिलं.

ऑगस्टमध्ये ती नौपाड्यातल्या एका सीएच्या ऑफिसात रुजू झाली. त्यांनी टक्के विचारले नाहीत, पॉइंटरही नाही. सहा मार्कशीट समोर ठेवायला सांगितल्या आणि करांच्या पेपरांवर बोट ठेवून त्यातलेच चार प्रश्न विचारले.

कॉलेजने काय बदललं

प्लेसमेंट सेलने त्या वर्षापासून एक पान तयार केलं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे सेमिस्टरवार गुण, एकूण गुण आणि त्यांची टक्केवारी एका बाजूला. क्रेडिट, क्रेडिट-पॉइंट आणि सीजीपीए दुसऱ्या बाजूला. मध्ये श्रेणीचं कोष्टक. खाली प्राचार्यांची सही. फॉर्ममध्ये टक्के कुठलेही मागितले तरी हे पान सोबत जातं. या पानावर रूपांतराचं कुठलंही सूत्र घालू नये असा मी आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. दोन सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, की मुलांचं नुकसान होईल, बाकीची कॉलेजं ९.५ लावतातच. त्या मुलाची रद्द झालेली ऑफर टेबलावर ठेवल्यावर चर्चा थांबली.

तिचा धाकटा भाऊ २०२४-२५ ला प्रथम वर्षाला आला, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या पहिल्या तुकडीत. त्याचा हिशोब तिच्यापेक्षा वेगळा आहे. सेमिस्टरला २० ऐवजी २२ क्रेडिट. मुख्य विषयाचा पेपर चार क्रेडिटचा आणि शंभर गुणांचा, बाकी बरेचसे दोन क्रेडिटचे आणि पन्नास गुणांचे. क्रेडिट आणि गुण एकमेकांच्या प्रमाणात आल्यामुळे फाउंडेशन कोर्ससारखी तफावत त्याच्या बाबतीत राहणार नाही. पायऱ्या मात्र राहणारच आहेत, आणि त्या ताईच्याच आहेत असं धरून चालायचं नाही. मार्कशीटच्या मागचं कोष्टक वाचूनच सुरुवात करायची. पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट आल्यावर त्या दोघांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि ताईने त्याला क्रेडिटचा रकाना आधी भरायला लावला.